पात्रनिवड आणि पातळीवाढ (डावपेची भूमिकाखेळ)

डावपेची भूमिकाखेळ या प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये हाताशी असलेल्या पात्रांपैकी कोणाला लढाईत उतरवायचे आणि लढाईतून मिळणारा अनुभव कोणाच्या पदरात पडू द्यायचा, या दोन्ही निर्णयांना मिळून पात्रनिवड व पातळीवाढ असे म्हणता येते. हे खेळ बहुधा घरे पाडलेल्या पटावर आळीपाळीच्या चालींनी खेळले जातात. पात्राच्या खात्यावर ठरावीक अनुभवगुण साचले की त्याची पातळी एकाने वाढते आणि बळ, चपळाई, बचाव यांसारखे त्याचे गुण वर जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठीतून बोलतानाही ‘पार्टी’ (पथक), ‘लेव्हल’ (पातळी) आणि ‘एक्सपी’ (अनुभवगुण) हेच शब्द तोंडात असतात. ‘म्हातारा सगळा एक्सपी खायलाय’, म्हणजे आधीच बलवान असलेले वयस्क पात्र सगळा अनुभव घेत आहे, एवढे म्हटले की डाव कुठे बिघडला ते खेळणाऱ्याला कळते.

पातळी आणि अनुभवगुण या कल्पना संगणकाच्या आधी टेबलावरच्या खेळात रुजल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला आणि त्याची मुळे सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होती. जपानमध्ये 1990 साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आलेल्या ‘फायर एम्ब्लेम’ने पटावरची लढाई आणि पात्रांची वाढ यांची सांगड घातली, आणि लढाईत पडलेले पात्र सहसा कायमचे गमावले जाईल असा कडक नियमही घातला.

अनुभव मोजकाच असतो, हे या विषयाचे मर्म आहे. ज्या खेळात ठरलेल्या लढायांपलीकडे फुकटच्या लढाया मिळत नाहीत, तेथे एका प्रसंगातील बारा शत्रू म्हणजे बारा घास, आणि ते कोणाच्या ताटात वाढायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. सीमाभागातील तालमींत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दूध, तूप, बदाम जेवढे असतील तेवढ्यात वस्ताद सगळ्या पोरांना सारखा खुराक वाटत बसत नाही. पुढच्या मोसमात कोण कुस्ती मारेल ते पाहून तो हात सैल सोडतो. नवशिके मात्र सर्वांना समान वाढवू पाहतात आणि शेवटच्या प्रसंगांत सगळीच पात्रे अर्धीकच्ची निघतात. प्रस्तुत लेखकाच्या मते एकाच पात्रावर सारी भिस्त ठेवण्याच्या चुकीपेक्षा ही चूक अधिक महाग पडते.

‘फायर एम्ब्लेम’च्या पहिल्याच भागात जेगन नावाचा वयस्क घोडेस्वार सुरुवातीपासून सोबत असतो. आरंभी तो सर्वांत बलवान असतो, पण त्याची वाढ तुटपुंजी असते. त्याने मारलेला प्रत्येक शत्रू हा एखाद्या होतकरू पोराचा हिरावलेला घास ठरतो. अनुभवी खेळाडू त्याला शत्रूचा वार झेलायला पुढे करतात, शत्रू अर्धमेला करून घेतात आणि शेवटचा घाव कोवळ्या पात्राला घालायला लावतात. या मालिकेत दर 100 अनुभवगुणांना एक पातळी मिळते आणि प्रत्येक गुण वाढण्याची शक्यता पात्रागणिक ठरलेली असते. मालिकेच्या अनेक भागांत दहाव्या पातळीपासून वरच्या श्रेणीत बढती घेता येते आणि बढतीनंतर पातळीची मोजणी पुन्हा 1 पासून सुरू होते. दहाव्या पातळीवर बढती घेऊन विसाव्यापर्यंत गेल्यास एकूण 28 वाढी मिळतात (बढतीआधी 9, नंतर 19), तर विसाव्यापर्यंत थांबून बढती घेतल्यास 38 (19 आणि 19). बळ वाढण्याची शक्यता 60 टक्के असेल, तर त्या दहा जादा वाढींतून सरासरी सहा गुण पदरात पडतात. हिशेब थांबण्याच्या बाजूने दिसतो खरा, पण तोवर ते पात्र जगले पाहिजे, आणि बढतीचे लाभ आजच्या लढाईत हवे असतील तर उद्याचे सहा गुण काय कामाचे?

1997 च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये गणित निराळे आहे. तेथे शत्रू मारलाच पाहिजे असे नाही. कोणतीही यशस्वी कृती अनुभव देते. म्हणून एकच शत्रू शिल्लक ठेवून, आपली माणसे कोपऱ्यात उभी करून तीच ती कृती करत राहण्याची युक्ती रूढ झाली. पातळी वाढताना पात्र ज्या पेशात असेल त्यावर गुणांची वाढ अवलंबून असते, हे मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येते. ‘डिसगाया’ या खेळाने तर पातळीची मर्यादा 9999 वर नेऊन, तेच ते करत पातळी वाढवत बसण्याच्या या सवयीचीच चेष्टा केली.

2012 च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये निवडीचा अर्थ राखीव फळीशी जोडलेला आहे. पथक चार जणांपासून सुरू होऊन सहापर्यंत वाढते, परंतु जखमी सैनिक कित्येक दिवस दवाखान्यात पडून राहतो. त्यामुळे दुसरी फळी आधीपासून तयार नसेल, तर मोठ्या मोहिमेवर नवखे पाठवावे लागतात. या खेळात सैनिकांची नावे बदलता येतात. गल्लीतल्या मित्रांची नावे दिली, की कोणाला पुढे धाडायचे हा प्रश्न निव्वळ आकड्यांचा राहत नाही, आणि जपून मागे ठेवलेला दोस्त शेवटपर्यंत कच्चाच राहतो.

2023 च्या ‘बॉल्डर्स गेट 3’मध्ये चौघांचे पथक निघते, छावणीत थांबलेल्यांनाही अनुभव मिळतो, पातळीची मर्यादा 12 आहे आणि 100 सुवर्णनाणी दिली की पात्राची घडण पहिल्यापासून मांडता येते. साहजिकच येथे घासांची वाटणी उरत नाही. कोणाचा पेशा कोणाला पूरक ठरतो एवढेच पाहावे लागते.

येथे उल्लेखिलेल्या खेळांपैकी एकही मराठीत किंवा कन्नडात निघालेला नाही. गुणांची आणि कौशल्यांची वर्णने सीमाभागातील खेळाडू इंग्रजीतूनच वाचतात, आणि मार चुकवण्याची शक्यता व मार सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या रकान्यांची गल्लत झाली, की चपळ पण नाजूक पात्र ढाल म्हणून पुढे उभे केले जाते.