मुरमांच्या जेलमधलं पेरॉक्साइड पाण्यात किती विरघळतं?

मुरमांवर लावायच्या जेलच्या ट्यूबवर 'बेंझॉइल पेरॉक्साइड २.५%' असं लिहिलेलं असतं. हे संयुग ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५८ मध्ये बनवलं. औषध म्हणून ते वापरून पाहावं हे आर्थर लोव्हनहार्ट यांनी सुचवलं १९०५ मध्ये. त्यानंतर ते पीठ पांढरं करायलाही वापरलं गेलं आणि प्लास्टिकच्या कारखान्यांतही पोचलं. कोरडी पावडर धक्क्याने किंवा उष्णतेने भडकू शकते, म्हणून ती बहुधा पाण्याने ओलसर करूनच विकतात. तरीही ती त्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

जवळजवळ म्हणजे किती? सुरक्षेच्या अहवालांत २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम असा आकडा सापडतो. तो काढणं मात्र किचकट आहे.

पेरॉक्साइड मोजायची जुनी रीत आयोडिनची. पोटॅशियम आयोडाइड घातलं की पेरॉक्साइड आयोडिन मोकळं करतं. मग आयोडिनमुळे आलेला स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत ब्युरेटमधून आयोडिन संपवणारं थायोसल्फेट सोडायचं. आता हिशेब करून पाहा: असं संपृक्त पाणी १०० मिलिलिटर घेतलं, तर ०.०१ नॉर्मल (म्हणजे अगदी पातळ) थायोसल्फेट लागतं जेमतेम पाऊण मिलिलिटर. ब्युरेटचा एक थेंब जास्त पडला की सहा-सात टक्क्यांची चूक. पिपेटमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा एखादा न विरघळलेला कण आला, तर आकडा दहा टक्क्यांनी फुगतो.

खरी गोम वेगळीच आहे. हे पेरॉक्साइड पाण्यात टिकत नाही. उदासीन पाण्यात साधारण पाच तासांत निम्मं फुटतं आणि त्याचं बेंझॉइक आम्ल होतं. ते लिटरमागे तीन ग्रॅमच्या वर विरघळतं, म्हणजे मूळ पदार्थाच्या शेकडो पट! तळाशी जादा पावडर असतेच, त्यामुळे फुटलेल्याची जागा नवं पेरॉक्साइड घेत राहतं आणि आम्ल साठत जातं. अशा वेळी पाण्यातला एकूण कार्बन मोजला, तर आपण मोजतो ते मुख्यतः आम्ल.

पाण्यात पदार्थ किती विरघळतो हे मोजायची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची १०५ क्रमांकाची चाचणी १९८१ मध्ये आली, १९९५ मध्ये सुधारली गेली. तिच्यातली फ्लास्कची पद्धत म्हणते, पदार्थ पाण्यात एक, दोन, तीन दिवस ढवळा, तेही ३० अंशांना. साखरेला चालेल, याला नाही. माझ्या मते इथे हा आग्रह निरर्थकच. तसंही लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली त्याच चाचणीत दुसरी पद्धत सांगितली आहे, ती स्तंभाची. तशाच तऱ्हेचा स्तंभ अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या संशोधकांनी १९७८ मध्ये डांबरातल्या हायड्रोकार्बनांसाठी वापरला होता. काचेच्या मण्यांसारख्या निष्क्रिय कणांवर पदार्थाचा पातळ थर चढवायचा, ते नळीत भरायचे आणि वरून सावकाश पाणी सोडायचं. कण वाहून येण्याची भीती कमी, आणि पाण्याचा प्रत्येक थेंब पदार्थाच्या संगतीत दिवस-दिवस राहत नाही.

खाली येणारं पाणी ताबडतोब एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर घालतात. आलेखावर आधी बेंझॉइक आम्लाचं शिखर उमटतं, मागाहून पेरॉक्साइडचं. मोजायचं फक्त दुसरं.