तापीखोऱ्यातलं भूजल आणि पायथॉनमधली खुली मॉडेलं

फ्लोपायची नवी आवृत्ती वर्षातून अनेकदा येते आणि भूजलवाले सोडले तर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या मॉडफ्लो या प्रोग्रामसाठीची ही लायब्ररी, म्हणजे पायथॉन या संगणक भाषेतला तयार कोडचा संच. खानदेशात पाण्यावर काम करणाऱ्याने तिच्यातले बदल वाचायला हवेत असं मला वाटतं, कारण इथलं पाणी अवघड आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे. नाल्यांचं पाणी तिथे मुरतं आणि खाली तापीकाठच्या गाळाच्या थरांकडे सरकतं. वर केळीच्या बागा, त्यांना बारमाही पाणी. यावल, रावेर तालुके भूजल मूल्यमापनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. बझाड्यात किती मुरलं, त्यातलं गाळात किती पोचलं, एका शिवारातल्या ट्यूबवेलींचा उपसा शेजारच्या गावाला किती जाणवतो, हे नुसती विहिरीची पातळी मोजून कळत नाही. त्याला गणित लागतं.

ते गणित जुनं आहे. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम हेन्री डार्सीने 1856 मध्ये मांडला. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला तो लावायचा, हे काम अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या मायकेल मॅकडोनाल्ड आणि आर्लेन हारबॉ यांनी फोरट्रान या जुन्या संगणक भाषेत केलं. तेच मॉडफ्लो, 1984 चं. सरकारी काम असल्यामुळे प्रोग्राम पहिल्यापासून सगळ्यांना खुला होता.

अडचण होती ती माहिती भरण्याची. आकडे ठराविक रुंदीच्या रकान्यांत, बहुधा दहा-दहा अक्षरांच्या, बसवावे लागत. एक आकडा दोन घरं सरकला की प्रोग्राम बंद पडायचा, किंवा न बोलता चुकीचाच आकडा वाचायचा. हे दुसरं जास्त वाईट. पुढे माऊसने चालणारी सॉफ्टवेअरं आली. पण चांगल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जिल्ह्याच्या कॉलेजला परवडणारं नव्हतं आणि कुणी कुठे क्लिक करून कोणती किंमत बदलली याचा मागही राहत नसे. दुसऱ्याचं मॉडेल तपासायचं म्हणजे त्याच्या शब्दावर विसंबायचं.

पायथॉन 1991 पासून होतं. आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब आणि आकडेमोडीसाठी नमपाय आल्यावर विज्ञानातली मंडळी तिकडे वळली. फ्लोपायही त्यातूनच उभी राहिली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे मार्क बाकर आणि सर्वेक्षण संस्थेतले सहकारी यांनी 2016 मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. आता अख्खं मॉडेल एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडच्या एका फायलीत, मावतं. थर किती, पाझर किती, उपसा किती, सगळं ओळीओळीने लिहिलेलं. ज्याला शंका आहे त्याने ती ओळ बदलून पुन्हा चालवावं.

2017 मध्ये मॉडफ्लो 6 आलं. जाळीचे तुकडे चौकोनीच हवेत ही अट त्याआधीच सैल होऊ लागली होती, इथे ती मुख्य प्रोग्राममध्येच सुटली. नदीकाठी बारीक जाळी, लांब मोठी. धुळे-नंदुरबारच्या बेसॉल्टमध्ये साधारण पूर्व-पश्चिम गेलेल्या डाइकच्या, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हारसाच्या, भिंती आहेत. त्या कुठे पाणी अडवतात, तर कुठे भेगांतून वाट देतात. अडवणारी भिंत दाखवायला मॉडफ्लोमध्ये स्वतंत्र पॅकेज, म्हणजे त्या कामापुरता वेगळा भाग, आहे. मॉडफ्लो 6 मध्ये नवं पॅकेज आलं की त्याच्या व्याख्येच्या फायलीवरून फ्लोपायचा त्यासाठीचा कोड आपोआप तयार होतो, म्हणून दोघांच्या आवृत्त्या जोडीने येतात.

मॉडेल जुळवून पाहायला मोजमापं लागतात, ती इथे आहेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासूनची आहे. निरीक्षण विहिरींची पातळी ती जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी मेगा रिचार्ज या पाणी मुरवण्याच्या प्रकल्पाचा करार झाला. बझाड्यात सोडलेलं पाणी कोणत्या गावापर्यंत किती वर्षांत पोचेल, याचा हिशेब आता जळगावच्या विद्यार्थ्यालाही आपल्या लॅपटॉपवर मांडता येईल. आवृत्तीबरोबर कोडही बदलतो, म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत फ्लोपायच्या आवृत्तीचा क्रमांक मात्र त्याने लिहून ठेवावा.