काफ्काचे मेसेज गुगल कॅलेंडरमध्ये टाकणारा कनेक्टर: त्याची कॉन्फिग फाइल अशी का झाली

काफ्का म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज साठवून दुसऱ्याला देणारी सिस्टिम. तिच्या टॉपिकमधून, म्हणजे एका विषयाच्या मेसेजच्या यादीतून, मेसेज उचलायचा आणि गुगल कॅलेंडरमध्ये इव्हेंट टाकायचा, काम एवढंच. पण कॅमल काफ्का कनेक्टरचा सिंक, म्हणजे मेसेज काफ्कातून बाहेर नेणारा भाग, लावायला बसलं की फाइलमध्ये क्लायंट आयडी, क्लायंट सिक्रेट, रिफ्रेश टोकन, एपीआयचं (प्रोग्रामने सेवा वापरायच्या दाराचं) नाव, मेथडचं (त्यातल्या एका कामाचं) नाव आणि शिवाय काफ्का कनेक्टच्या स्वतःच्या ओळी असं सगळं एकत्र येतं, आणि बहुतेक जण कुठला तरी नमुना कॉपी करून व्हॅल्यू भरतात आणि चालूही होतं. एकच अपॉइंटमेंट कॅलेंडरवर दोनदा दिसायला लागली की मग शोधाशोध सुरू होते. माझं स्पष्ट मत आहे की या फाइलमधली जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळ्या काळातून आलीये, आणि कॅलेंडर बनवणारे आणि काफ्का बनवणारे यांनी एकमेकांचा विचारच केला नव्हता, हे माहीत असलं की सेटिंग करताना कुठे जपायचं ते कळतं.

कॅलेंडरची बाजू जुनी आहे. १९९६ मध्ये व्हीकॅलेंडर नावाचा फॉरमॅट आला, त्यावरून १९९८ मध्ये आयकॅलेंडरचं स्टँडर्ड झालं, आरएफसी २४४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज), आणि २००९ मध्ये ते सुधारून ५५४५ झालं. तेव्हाचा एक नियम आजही सगळ्यांना त्रास देतो, तो म्हणजे इव्हेंटच्या शेवटची तारीख त्या इव्हेंटमध्ये धरत नाहीत. २०२५ चे गणपती घ्या, चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, तर दिवसभराचा इव्हेंट टाकताना शेवट ७ सप्टेंबर लिहावा लागतो, ६ लिहिलं तर विसर्जनाचाच दिवस कॅलेंडरवरून गायब. गुगलने हा नियम तसाच उचलला. आणि वेळेचा इव्हेंट असेल तर वेळेला +०५:३० तरी जोडा नाहीतर टाइमझोन तरी वेगळा द्या, नुसते पाच वाजले सांगून चालत नाही.

गुगल कॅलेंडर एप्रिल २००६ मध्ये आलं आणि त्याच वर्षी एपीआयसुद्धा, पण तो एक्सएमएल नावाच्या डेटा फॉरमॅटवाला होता. २०११ मध्ये जेसन हा फॉरमॅट वापरणारी तिसरी आवृत्ती आली, दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केली. त्याच सुमारास लॉगिनची पद्धतही बदलली. आधी प्रोग्रामला युजरचा पासवर्ड देऊन काम व्हायचं, ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथ २ चं, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी द्यायच्या पद्धतीचं, स्टँडर्ड पक्कं झालं आणि पासवर्डच्या जागी टोकन आलं. फाइलमधल्या क्लायंट आयडी, सिक्रेट आणि रिफ्रेश टोकनच्या ओळी इथून आल्यात. पण ओऑथच्या या पद्धतीत समोर एक माणूस बसलाय आणि तो 'अलाऊ' दाबेल असं धरलेलं आहे, कनेक्टर तर रात्री तीन वाजताही एकटाच चालतो. म्हणून एकदा हाताने परवानगी देऊन मिळवलेलं रिफ्रेश टोकन, ज्यावरून पुढची टोकनं आपोआप मिळतात, फाइलमध्ये ठेवायचं, आणि इथेच लोक फसतात, कारण गुगलच्या कन्सोलमध्ये तुमचं ॲप टेस्टिंग अवस्थेत ठेवलं असेल तर कॅलेंडरसाठी मिळालेलं ते टोकन ७ दिवसांत मरतं.

दुसरा रस्ता सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेल्या अकाउंटचा. त्यात माणूस लागत नाही, पण त्या अकाउंटचं स्वतःचं वेगळं कॅलेंडर असतं, आणि कॅलेंडर आयडीच्या जागी 'प्रायमरी' लिहिलं की इव्हेंट तिकडे जातात, लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसतं आणि तुमच्या स्क्रीनवर काहीच नाही. तुमचं कॅलेंडर त्या अकाउंटच्या ईमेलला शेअर करा, बदल करण्याच्या परवानगीसकट, आणि आयडीमध्ये त्याच कॅलेंडरचा आयडी द्या.

आता काफ्का. लिंक्डइनमध्ये २०१० च्या आसपास जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी हे बनवलं, नेहा नारखेडे पुण्याच्या, पीआयसीटी कॉलेजात शिकलेल्या, म्हणून आपल्याकडे काफ्काबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे आणि मला तरी ती रास्त वाटते. २०११ मध्ये ते ओपन सोर्स झालं आणि अपाची या ओपन सोर्स संस्थेकडे गेलं. मूळ कल्पना साधी, मेसेज आला की वहीत शेवटी लिहायचा, वाचला म्हणून खोडायचा नाही, वाचणाऱ्याने आपण कुठवर वाचलं ती खूण, म्हणजे ऑफसेट, सांभाळायची. डीफॉल्टला मेसेज ७ दिवस राहतात. काही बिघडलं तर खूण मागे न्यायची आणि परत वाचायचं, काफ्काची सगळी ताकद यातच आहे.

पण डेटा काफ्कात आणायला आणि बाहेर न्यायला जो तो आपापला कोड लिहीत होता, प्रत्येक टीमची पुन्हा प्रयत्न करायची पद्धत वेगळी, ऑफसेट ठेवायची जागा वेगळी. त्यावर उपाय म्हणून कॉपीकॅट नावाने एक प्रस्ताव आला, केआयपी २६, आणि तोच काफ्का कनेक्ट या नावाने नोव्हेंबर २०१५ मध्ये ०.९ आवृत्तीत आला. तेव्हापासून कोड कमी आणि कॉन्फिग जास्त असं झालं. २०१८ मध्ये २.० आवृत्तीत दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या, एक म्हणजे सिक्रेट फाइलमध्ये उघडं न लिहिता बाहेरून आणायची सोय, दुसरी खराब मेसेज बाजूला काढणारी डेड लेटर क्यू. मात्र ही क्यू तेव्हा मेसेज कन्व्हर्ट किंवा ट्रान्सफॉर्म करतानाच्या चुकांपुरतीच होती, गुगलने नाही म्हटलं तर तो मेसेज क्यूत टाकायची वाट कनेक्टरला २०२० मध्ये २.६ आवृत्तीत मिळाली. आणि एरर सहन करायचं सेटिंग डीफॉल्टला बंद असतं, म्हणजे एक मेसेज अडकला की टास्क, म्हणजे कनेक्टरचं चालू काम, फेल होऊन बसतो आणि आपण रीस्टार्ट करेपर्यंत उठत नाही.

या दोघांना जोडणारा तो कॅमल. २००७ मध्ये अपाची ॲक्टिव्हएमक्यूच्या मंडळींमधून सुरू झालेलं जावाचं फ्रेमवर्क, ज्यात शेकडो सिस्टिमसाठी तयार कंपोनंट आहेत, गुगल कॅलेंडरचा २०१५ पासून आहे. तो कंपोनंट गुगलच्या जावा लायब्ररीवरून बेतलेला, म्हणून फाइलमध्ये एपीआयचं नाव 'इव्हेंट्स' आणि मेथड 'इन्सर्ट' किंवा 'क्विकॲड' असं लिहावं लागतं, ही नावं सरळ गुगलच्या एपीआयमधली आहेत. २०२० मध्ये कॅमलवाल्यांनी हेच कंपोनंट काफ्का कनेक्टच्या वेष्टनात घालून कनेक्टर म्हणून द्यायला सुरुवात केली. पुढे कॅमलेट, म्हणजे कॅमलच्या जोडण्यांचे तयार साचे, आले आणि प्रॉपर्टीची नावं बदलली, 'कॅमल डॉट सिंक' ने सुरू होणारी जुनी, 'कॅमल डॉट कॅमलेट' ने सुरू होणारी नवी, तेव्हा कुठूनही नमुना उचलताना आधी आवृत्ती बघा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

खरी अडचण मेथड निवडताना येते. क्विकॲड सोपं वाटतं, नुसतं वाक्य पाठवा, उद्या पाच वाजता मीटिंग अशा अर्थाचं, गुगल स्वतः अर्थ लावतं. इन्सर्टला जावामधला इव्हेंट ऑब्जेक्ट लागतो, नुसता जेसन स्ट्रिंग दिला तर भागत नाही, मध्ये ट्रान्सफॉर्म लिहावा लागतो, म्हणून सगळे क्विकॲडकडे वळतात. पण काफ्का कनेक्ट ऑफसेट डीफॉल्टला दर ६० सेकंदांनी नोंदवतं, मधे वर्कर, म्हणजे कनेक्टर चालवणारा प्रोग्राम, पडला तर त्या मिनिटातले मेसेज परत पाठवले जातात. क्विकॲडमध्ये इव्हेंटला आपला आयडी देता येत नाही म्हणजे डुप्लिकेट होणारच, आणि त्याहून वाईट म्हणजे 'उद्या' चा अर्थ गुगल मेसेज पोचेल त्या दिवसावरून लावतं, सोमवारचा मेसेज अडकून बुधवारी गेला तर मीटिंग गुरुवारी लागते. ही मेथड माणसाने एका ओळीत टाइप करायच्या सोयीची आहे, स्ट्रीमसाठी ती वापरूच नये असं मला ठामपणे वाटतं.

इन्सर्टमध्ये आयडी आपण देऊ शकतो. त्यात चालतात फक्त इंग्रजीतली पहिली बावीस छोटी अक्षरं आणि आकडे, लांबी ५ ते १०२४, डॅश चालत नाही. टॉपिक, पार्टिशन (टॉपिकचा एक तुकडा) आणि ऑफसेट एकत्र करून त्याचा हेक्स हॅश, म्हणजे आकडे आणि a ते f अक्षरांचा ठरावीक लांबीचा ठसा, घेतला की बरोबर बसतो. तोच मेसेज परत गेला की गुगल ४०९ देतं, म्हणजे हा आधीच आहे, आणि ते यश समजून पुढे जायचं. गुगल स्वतः सांगतं की टक्कर प्रत्येक वेळी लगेच ओळखली जाईल याची हमी नाही, तरी रोजच्या कामाला हे पुरतं. एक लक्षात ठेवा, कोणी तो इव्हेंट कॅलेंडरवरून डिलीट केला तरी आयडी मोकळा होत नाही, परत इन्सर्ट केलं तर ४०९ च येणार, तिथे अपडेट वापरावं लागतं.

आणि कनेक्टरचं नाव. दिसायला ती नुसती लेबलची ओळ, पण कन्झ्युमर ग्रुप, म्हणजे ज्याच्या नावाने ऑफसेटची खूण ठेवली जाते तो वाचणाऱ्यांचा गट, त्याच नावावरून बनतो आणि नवीन ग्रुप डीफॉल्टला टॉपिकच्या सुरुवातीपासून वाचतो, म्हणजे नाव नीटनेटकं करायला म्हणून बदललं की टॉपिकमध्ये शिल्लक असलेले सगळे मेसेज कॅलेंडरवर पुन्हा येतात. आयडी लावलेले असतील तर ४०९ ची रांग लागते आणि विषय मिटतो, नसतील तर एकेक इव्हेंट हाताने पुसत बसावं लागतं. म्हणून आयडी कसा बनवायचा ते पहिला मेसेज जायच्या आधीच ठरवा, एकदा बनलेल्या इव्हेंटचा आयडी नंतर बदलता येत नाही.