'लो' की 'ले'? एका 'त्याला'ची दोन स्पॅनिश रूपे

'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत मराठी माणसाला 'त्याला' हे एकच रूप पुरते. गोव्यातल्या कोकणीतही 'हांव ताका पळयतां' आणि 'हांव ताका पुस्तक दितां' असेच चालते. स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या ठिकाणी 'लो बेओ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'ले दोय उन लिब्रो' असे म्हणावे लागते, कारण 'लो' हे प्रत्यक्ष कर्माचे सर्वनाम आहे आणि 'ले' अप्रत्यक्ष कर्माचे. द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच, 'स, ला, ते', हे आपण शाळेत पाठ केलेले असते. गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

त्यामुळे प्रत्ययाकडे न पाहता माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून पाहावी. 'मी त्याला पाहतो' याऐवजी 'मी समुद्र पाहतो' म्हटले, तर 'ला' गळतो, पण पाहण्याशी असलेले नाते तेच राहते; म्हणून 'लो'. 'मी त्याला देतो' याऐवजी 'मी समुद्र देतो' म्हटले की समुद्र घेणारा न राहता देण्याची वस्तू होऊन बसतो. म्हणजे 'त्याला' ही घेणाऱ्याची जागा होती आणि तिथे 'ले' हवे. 'मी त्याला विचारतो' यातही विचारला जातो तो प्रश्न, त्यामुळे 'ले प्रेगुन्तो'.

ही कसोटी मराठी क्रियापदाची आहे, हे मात्र विसरू नये. 'मी तिला फोन करतो' यात आपण 'फोन' हे कर्म मानतो आणि 'ले'कडे वळतो. स्पॅनिश क्रियापदाला स्वतंत्र 'फोन' लागत नाही, जिला फोन करायचा तीच त्याचे प्रत्यक्ष कर्म असते, आणि वाक्य होते 'ला यामो'. (हा 'ला' पाहून आपला चतुर्थीचा 'ला' आठवतो आणि नेमकी उलट चूक होते. स्पॅनिश 'ला' हे प्रत्यक्ष कर्माचे स्त्रीलिंगी रूप आहे.) लिंगभेद फक्त प्रत्यक्ष कर्मातच दिसतो: 'लो, ला, लोस, लास'. अप्रत्यक्ष कर्माला 'ले' आणि 'लेस' एवढीच रूपे, मग घेणारा पुरुष असो वा स्त्री. शिवाय लिंग स्पॅनिश नामाचे धरायचे: आपले पुस्तक आणि पत्र दोन्ही नपुंसकलिंगी, पण 'लिब्रो'साठी 'लो' आणि 'कार्ता'साठी 'ला'.

नामे वापरली की स्पॅनिशही हा फरक झाकते, ही गमतीची गोष्ट आहे. 'बेओ आ मारीआ' आणि 'दोय उन लिब्रो आ मारीआ' या दोन्हींत 'आ' येतो. आपण 'समुद्र पाहतो' पण 'मारियाला पाहतो' म्हणतो, तसाच स्पॅनिश भाषकही माणसाच्या प्रत्यक्ष कर्माआधी 'आ' लावतो. सर्वनाम आले की फरक उघडा पडतो: 'ला बेओ', पण 'ले दोय'. स्पेनमध्ये पुरुषासाठी 'ले बेओ' असेही बरेच जण म्हणतात आणि एकवचनात ते मान्यही आहे, पण शिकणाऱ्याने सुरुवातीला 'लो'च धरावे.

दोन्ही सर्वनामे एकत्र आली, तर अप्रत्यक्ष कर्म आधी येते आणि 'ले'चे 'से' होते: 'मी त्याला ते देतो' म्हणजे 'से लो दोय', 'ले लो' कधीही नाही. १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगीजमधून शिकलेल्यांना इथे वेगळीच सवय असते. पोर्तुगीजमध्ये ही दोन सर्वनामे मिसळून एकच शब्द होतो आणि युरोपीय वळणाच्या साध्या विधानात तो क्रियापदामागून येतो. स्पॅनिशमध्ये ती सुटी राहून चालवलेल्या, म्हणजे कर्त्याप्रमाणे रूप बदललेल्या, क्रियापदाच्या आधी येतात आणि होकारार्थी आज्ञेतच त्याला मागून चिकटतात: 'दामेलो', म्हणजे 'मला ते दे'.

आवडीनिवडी सांगताना मात्र मराठी भाषकाला फारसे शिकावे लागत नाही. 'मला आंबे आवडतात' यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते, तसेच 'मे गुस्तान लोस मांगोस' यातही. आणि 'त्याला आवडतात' म्हणायचे झाले, तर 'ले गुस्तान', 'लो' नव्हे, कारण इथला 'त्याला' चतुर्थीचाच आहे.