ग्लेझ की स्कम्बल? टिशियनची कॉपी करताना होणारी गल्लत

ग्लेझ आणि स्कम्बल, दोन्ही वाळलेल्या तैलरंगावर चढवायचे थर, दोन्ही पातळ, दोन्हींतून खालचं काम दिसत राहतं. म्हणून जुन्या इटालियन चित्राची कॉपी करायला बसलेला विद्यार्थी हाताला लागेल त्या रंगात टर्पेंटाईन ओततो आणि त्याला ग्लेझ म्हणतो. पण ग्लेझ पारदर्शक रंगाचा असतो आणि खालच्या थराला गडद करतो. स्कम्बल अपारदर्शक, आणि तो खालच्याला उजळवतो.

सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार टिशियन, त्याचं 'बॅकस आणि आरिआद्नी' (१५२०–२३, लंडनची नॅशनल गॅलरी) घ्या. मूळ कॅनव्हास १७६.५ × १९१ सेंटिमीटरचा. तो अख्खा उतरवायच्या फंदात पडू नका. रथातून झेप घेणारा बॅकस (मद्याचा रोमन देव) तेवढा ३० × ४० सेंटिमीटरवर करा, दोन्हींची गरज पडेल.

त्याचा किरमिजी झगा ग्लेझचा. पांढऱ्या वाटीतलं कोकम सरबत जसं आतून उजळलेलं दिसतं, तसाच इथे प्रकाश रंगातून आरपार जाऊन खालच्या उजळ थरावरून परततो. म्हणून चुण्या आधी पांढरा आणि थोडा लाल घेऊन, हव्या त्यापेक्षा फिक्या रंगवायच्या. ते आठ-दहा दिवस वाळू द्या. बोट कोरडं राहिलं तरी कोपऱ्यात कापड हलकं फिरवून बघा, रंग आला तर थांबा. मग लिनसीड ऑइल आणि टर्पेंटाईन समप्रमाणात, त्याच्या तीन भागांत एक भाग लाल. जुनं अलिझरीन (गडद लाल रंगद्रव्य) पातळ थरात फिकं पडतं, त्यामुळे क्विनाक्रिडोनचा किरमिजी बरा. मऊ ब्रशने पसरा आणि चुण्यांच्या कडांवरून सुती कापडाने पुसा; रंग खळग्यांत राहतो, तोच घडीचा अंधार. ट्यूबवरचा चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. टिटॅनियम व्हाइटचा ठिपका जरी मिसळला तरी झग्यावर साय धरते.

पृष्ठभाग तुळतुळीत असेल तर ग्लेझ थेंबाथेंबाने गोळा होतो. तेलाचा अगदी पुसट हात फिरवून जादा तेल टिपून घ्या, मग लावा. आणि एकदम जाड ग्लेझ नको: तेल वर येऊन सुरकुततं, पिवळंही पडतं. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळवण.

स्कम्बल बॅकसच्या अंगावर. चुलीचा धूर काळ्या झाडीसमोर निळसर दिसतो ना, तेच इथे: गडद तपकिरीवर फिकट रंगाचा विरळ थर आपोआप थंड पडतो. अंगावरच्या त्या करड्या-निळसर मधल्या छटेसाठी निळा मिसळायची गरजच नाही. बहुतेकजण इथेच निळा घालतात आणि अंग मातकट होतं. टिशियन शेवटच्या टप्प्यात ब्रशपेक्षा बोटांनी जास्त काम करायचा, असं व्हेनिसचाच चित्रकार पाल्मा जोव्हाने याच्या तोंडून नोंदलेलं आहे; स्कम्बलला बोट खरंच उत्तम.

स्कम्बलमध्ये मीडियम, म्हणजे ग्लेझसाठी केलेलं तेलाचं मिश्रण, अजिबात नको, नाहीतर दुधासारखा ओघळ येतो. ग्लेझवर स्कम्बल करायचा असेल तर टर्पेंटाईनही नको: तेलकट थरावर कमी तेलाचा थर पुढे तडकतो. झिजलेला राठ ब्रश घ्या, ट्यूबमधला रंग कापडावर जवळजवळ पुसून टाका आणि आधी छापील वर्तमानपत्रावर घासा. खालची अक्षरं वाचता आली तर कॅनव्हासवर न्या.