झडपेचा संसर्ग: सर्जन थांबतो कधी, घाई करतो कधी?

हृदयाच्या झडपेवर जंतू चिकटले की त्यांच्याभोवती फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांचा गोळा जमत जातो. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यामुळे गोळ्याच्या पोटात दडलेले जंतू औषधाला सहज सापडत नाहीत. म्हणूनच शिरेतून साधारण 4 ते 6 आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागतं. एवढं करूनही जवळपास निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येते.

जंतू जिवंत असलेल्या जागी कृत्रिम झडप शिवायची, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण 1965 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी संसर्ग चालू असतानाच झडप बदलल्याची नोंद प्रसिद्ध केली. नव्या झडपेला पुन्हा संसर्ग होऊ शकतो, हे खरंच. पण झडप फाटून फुप्फुसांत पाणी साचू लागलं, तर वाट पाहणंच जिवावर बेतू शकतं. झडपेच्या मुळाशी पू झाला तर हृदयाचे ठोके चालवणारी विद्युतवाट बिघडते. अशा काही रुग्णांना ऑपरेशननंतर पेसमेकरही लागतो.

तिसरी भीती गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याची. गोळा 10 मिलिमीटरहून मोठा असला की ती वाढते. कोरियात अशा 76 रुग्णांचा अभ्यास झाला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 48 तासांत ऑपरेशन झालेल्या 37 जणांपैकी एकाच्याही शरीरात पुढच्या 6 आठवड्यांत तुकडा जाऊन अडकला नाही. नेहमीच्या उपचारांच्या 39 जणांत असं 8 जणांना झालं. आकडे बोलके आहेत, पण अभ्यास छोटा होता आणि कृत्रिम झडपवाल्यांना त्यातून वगळलं होतं.

खरा पेच पक्षाघात आधीच झालेला असेल तेव्हा पडतो. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनचा मोठा डोस द्यावा लागतो. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तो त्याने वाढू शकतो, म्हणून शक्य असेल तेव्हा सर्जन महिनाभर थांबतात. हृदयच साथ सोडू लागलं तर मात्र ती सवड मिळत नाही. मग सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. नातेवाइकांनी 'गॅरंटी आहे का?' असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच असतं.

ऑपरेशननंतरही अँटिबायोटिक चालू राहतं. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आणि पुढे कधी विनाकारण ताप आला, तर अँटिबायोटिक घेण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, करायला हवं. आधीच गोळ्या घेतल्या तर त्यात जंतू सापडेलच असं नाही.