हेडफोन घ्यायला येताय? आधी हे वाचा

दुकानात रोज कोणीतरी विचारतं, "दोन हजारात चांगला हेडफोन कुठला?" आणि आम्ही उलट विचारतो की तुम्ही ऐकता काय, कुठे बसून ऐकता, आणि फोनला गोल जॅक आहे का. काहींना वाटतं आम्ही टाळतोय, पण या तीन गोष्टी कळल्याशिवाय खरंच सांगता येत नाही. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर एवढं बोलणं होत नाही म्हणून हे पत्रक काढलंय, घरी निवांत वाचा आणि मग या.

आधी आमचं स्पष्ट मत सांगतो. बजेट कमी आहे आणि गाणं ऐकणं हेच मुख्य काम आहे, तर वायरवाला घ्या. ब्लूटूथवाल्यात तुमचे पैसे बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी यांच्यात वाटले जातात आणि आवाजाच्या वाट्याला थोडेच येतात, शिवाय त्या छोट्या बड्सची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बदलणं फार अवघड असतं, लोक आशेने डबी घेऊन येतात आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं, वाईट वाटतं. वायरवाल्यात बहुतेक वेळा वायरच तुटते आणि ती जोडता येते किंवा बदलता येते. घरात कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक पॅड शिकणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी ब्लूटूथ नकोच, बोट आत्ता पडतं आणि आवाज मागून येतो, लय बसणार कशी? हां, जिममध्ये किंवा घरकाम करताना वायर अडकते हे खरं आहे, त्यांनी ब्लूटूथ जरूर घ्यावा, फक्त तेवढ्याच चांगल्या आवाजासाठी जास्त पैसे धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे कानात नीट बसणं. मध्यंतरी एक काका नवा कानात घालायचा हेडफोन परत करायला आले, म्हणाले याच्यात डग्गा ऐकूच येत नाही, नुसती टिकटिक. आम्ही बघितलं तर टोकाला मधल्या साइजचं रबर होतं आणि ते कानात सैल बसत होतं. मोठं रबर लावलं, एका हाताने कान जरा वर-मागे ओढून दुसऱ्या हाताने हलकेच फिरवत आत बसवायला सांगितलं, तोच तबला परत लावला, आणि काकांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. हेडफोन तोच, गाणं तेच. फट राहिली की सगळ्यात आधी खर्जाचा आवाज निसटतो. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत लावलेल्या) तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर बोलते, फोनच्या स्पीकरवर तो मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, चांगल्या बसलेल्या हेडफोनवर मात्र तार छेडल्यावर जी गोल गुंज मागे राहते ती अगदी शेवटपर्यंत ऐकू येते. म्हणून बॉक्समधली तिन्ही साइजची रबरं लावून बघा, टाकून देऊ नका, आणि दोन कानांना दोन वेगळ्या साइज लागल्या तर त्यातही काही वावगं नाही, पुष्कळांचं तसंच असतं.

कुठे ऐकता हा प्रश्न आम्ही यासाठीच विचारतो. वनाज-रामवाडी मेट्रोने किंवा पीएमटीने रोज जाणाऱ्यांना कानात घट्ट बसणारा किंवा कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन लागतो, नाहीतर बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढत जातो आणि कळतसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० ला फक्त ४ तास. म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन ही चैन नाही, कानाची काळजी आहे. याउलट घरी रात्री शांतपणे ऐकत असाल तर मागून उघडा हेडफोन फार सुंदर वाटतो, गाणं डोक्यात कोंडल्यासारखं होत नाही, कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून याच कारणाने लोकांचा लाडका आहे, पण तो आत-बाहेर दोन्हीकडे गळतो, शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू जाणार. आणि टू-व्हीलरवर, हेल्मेटच्या आत, कानात काहीही घालू नका. अगदी हात जोडून सांगतो.

बॉक्सवरच्या आकड्यांना फार भुलू नका. "१० ते ४०,००० हर्ट्झ" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, माणसाला धडधाकट तरुण वयात २० ते २०,००० पर्यंत ऐकू येतं आणि वय वाढलं की वरचं टोक कमीच होत जातं. ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, मोठा म्हणजे आवाज चांगला असंही नसतं. बघायचाच असेल तर एक आकडा बघा, ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. १६ ते ३२ च्या आसपास असेल तर फोनवर सहसा आरामात वाजतो. एका कॉलेजच्या मुलाने बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोचं २५० ओहमचं मॉडेल सेकंडहँड उचललं होतं, वस्तू उत्तम, पण फोनला लावला तर फुल व्हॉल्यूमलाही आवाज दबलेलाच, त्याला वेगळा अॅम्प (आवाजाला जोर देणारी पेटी) लागतो आणि मग बजेट कुठच्या कुठे जातं.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीची छोटी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या जागी लावून हेडफोन जोडायचा तुकडा लागतो, इथे लोक हमखास फसतात. काही स्वस्त डोंगलमध्ये नुसती वायर असते, आत आवाज बनवणारी चिपच नसते, त्या एका फोनवर चालतात आणि दुसऱ्यावर मुक्या. आत ही चिप, तिला डॅक म्हणतात, आहे ना हे विचारूनच घ्या. अॅपलची डोंगल चांगली आहे पण काही अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज बराच कमी येतो, तेव्हा स्वतःचा फोन लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आमच्याकडे सुद्धा.

मग घ्यायचा कुठला? दोन हजारांच्या आतबाहेर असेल तर आम्ही बहुतेकांना कानात घालायचे वायरवाले सुचवतो, मूनड्रॉप किंवा केझेडसारख्या कंपन्यांचे, या किमतीत आवाजाचा एवढा मोबदला दुसरीकडे मिळत नाही. बऱ्याच मॉडेलची वायर निघते, नवी लावता येते, ही फार मोठी सोय आहे. कानात काही घातलं की खाज येते अशांनी डोक्यावरचा घ्या, ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स साधा आणि प्रामाणिक आहे, पण त्याची वायर ३ मीटरची आणि न निघणारी, घरात टेबलापाशी ठीक, प्रवासात पायात येईल. पुढे पैसे जमले तर एम४०एक्सची वायर निघते.

"एक्स्ट्रा बास" लिहिलेल्यांबद्दल जरा जपून. ढोल-ताशा, डीजेची गाणी ऐकणाऱ्यांना मजा येते, त्यात काही चूक नाही, पण गाणाऱ्याचा आवाज त्या बासखाली गाडला जातो आणि हार्मोनियम कोंदट वाटते. जुनी नाट्यपदं, तव्यांवरची (जुन्या रेकॉर्डवरची) ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांची अडचण उलटी असते, त्यांत मुळातच खरखर असते आणि वरचे स्वर टोकदार करणारा हेडफोन ती खरखर कानात टोचवतो, अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. त्यांनी मुद्दाम जरा मऊ आवाजाचा घ्यावा, कोणी कितीही "क्लिअर, क्लिअर" म्हणून दुसरा विकत असला तरी.

डोक्यावरच्या हेडफोनचं कुशन बोटाने दाबून बघा. पातळ रेक्झिनचं असेल तर पुण्याच्या दोन पावसाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे निघून मानेला, कॉलरला चिकटतात. त्या मॉडेलचं कुशन सुटं मिळतं का हे आत्ताच विचारून ठेवा. वायर गोल गुंडाळून ठेवा, फोनभोवती आवळू नका. ती नेहमी पिनच्या अगदी मुळाशी तुटते, हलवलं की एक कान येतो-जातो, तसं झालं तर टाकून देऊ नका, आमच्याकडे आणा, पिन कापून नवी सोल्डर करून देतो. माइकवाला असेल तर तसं सांगा, त्याच्या पिनवर दोनऐवजी तीन काळ्या रेघा असतात आणि पिन वेगळी लागते.

येताना स्वतःचा फोन आणि डोंगल आणा, तीन-चार गाणी चांगल्या क्वालिटीला डाउनलोड करून आणा, तुम्हाला पाठ असलेली, एखाद्यात नुसता आवाज आणि तानपुरा असेल तर उत्तम. घरी वापरत असलेला जुना हेडफोनही आणा, तुलना त्याच्याशीच करायची आहे. प्रत्येक जोड निदान दहा मिनिटं ऐका, आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐका, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. डोक्यावरचा असेल तर चष्मा लावूनच बसा, काडी दाबते का ते तिथेच कळतं. आतल्या बाजूला दोन खुर्च्या ठेवल्यात, मंगळवार-बुधवारी सकाळी गर्दी कमी असते.